विहिरीवरचे जुने इंजिन

श्रोतेहो, आपल्या नांदगावच्या कोरड्या शिवारात विहिरीवरची मोट हळूहळू सुटत गेली, त्यात ऑइल इंजिनाचा वाटा मोठा. पहिली इंजिने विलायती होती. ज्यांचा लोखंडी नांगर आपल्या ओळखीचा, त्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला इंजिनांची कंपनी काढली. पुढे विजेची मोटर आली. तरी जुने इंजिन जपणारे हौशी लोक आहेत. त्यांना वेडे म्हणू नका.

गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा, की या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेनेच तेल पेटते. म्हणून हँडल फिरवताना दाब लागेना, तर झडपा आणि रिंगा पाहायच्या. काळा धूर येतो? आधी नॉझल काढा. त्याची छिद्रे बारीक, तेव्हा डिझेल गाळूनच भरा. भंगारवाल्याला हाक मारण्याची घाई नको. ऐन उन्हाळ्यात वीज गेली, तर विहिरीवर तेच उभे राहते.