वळचणीचा गंज

पाण्याने लोखंड गंजते, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. मग पत्र्याच्या छपराचा जो भाग चार महिने धो-धो पावसात भिजतो तो बरा राहतो, आणि ज्या भागाला पावसाचा थेंबही लागत नाही तो आधी सडतो, असे का? समुद्रापासून फार दूर नसलेले एखादे गोदाम, कारखान्याची शेड, बाजारातले गाळे किंवा शाळेची इमारत निवडा आणि तिचे छप्पर वरून न पाहता खालून पाहा. पाखाडीच्या मधल्या भागात पत्र्याचा करडा रंग अजून शाबूत असतो. वळचणीला मात्र, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या पत्र्याच्या खालच्या अंगाला, आधी पांढरी भुकटी आणि मग तांबूस डाग दिसतात. पाच-सात वर्षांनी तिथेच भोके पडतात. सगळे छप्पर बदलण्याचा खर्च अंगावर येतो तो बहुतेक वेळा या दीड-दोन फुटांच्या पट्ट्यामुळे.

हे कोडे सुटायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्याची सुरुवात लंडनच्या गोदीत होते.

हेन्री रॉबिन्सन पामर हा या गोदीचा अभियंता. माणूस कल्पक होता. १८२१ मध्ये त्याने एकाच रुळावर चालणाऱ्या रेल्वेचे पेटंट घेतले होते. १८२९ मध्ये त्याने दुसरे पेटंट घेतले, ते पन्हळी पत्र्याचे. लोखंडाचा सपाट पातळ पत्रा खाचा असलेल्या रुळांमधून काढला की त्याला पन्हळी पडतात आणि तोच पत्रा कितीतरी ताठ होतो. वर्गात हे एका मिनिटात दाखवता येते. वहीचा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवला तर तो स्वतःच्याच वजनाने वाकतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून ठेवला तर त्यावर खडूची पेटी राहते. कागद तोच, वजनही तेच. पदार्थ मधल्या पातळीपासून वर आणि खाली सरकला म्हणून वाकण्याला होणारा विरोध वाढला. पामरने या पत्र्याची कमान करून गोदीतल्या टर्पेंटाइन ठेवायच्या शेडवर बसवली. झटकन पेट घेणाऱ्या मालावर लाकडी छप्पर नको, हा त्यातला व्यवहारी विचार. पुढे रिचर्ड वॉकर नावाच्या सुताराने हे पत्रे विकायला सुरुवात केली, आणि १८४३ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर तर अनेक कारखाने त्यात उतरले.

पामरचा पत्रा उघड्या लोखंडाचा होता. त्याच्या रक्षणाला रंग किंवा डांबर, एवढेच. रंग उडाला की गंज सुरू. म्हणजे छपराच्या देखभालीचा प्रश्न छपराच्या जन्माबरोबरच आला. त्याचे उत्तर दुसऱ्याच दिशेने येत होते, जहाजांकडून.

लाकडी जहाजांच्या तळाला त्या काळी तांब्याचा पत्रा ठोकत, आणि खाऱ्या पाण्यात तो झिजून जाई. ब्रिटिश नौदलाने सर हम्फ्री डेव्हीला उपाय विचारला. १८२४ मध्ये डेव्हीने रॉयल सोसायटीपुढे मांडले, की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडून ठेवला तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. जास्त क्रियाशील धातू आधी स्वतःचा बळी देतो. कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ या जहाजावर हा प्रयोग बिडाचे तुकडे लावून झाला. तांबे खरोखरच वाचले! पण नवीच अडचण उभी राहिली. तांबे थोडे-थोडे विरघळत होते तेव्हा त्याच्या विषाने शिंपले आणि शेवाळ दूर राहत होते. विरघळणे थांबताच जहाजाच्या तळाला त्यांची वस्ती झाली आणि जहाजाचा वेग मंदावला. नौदलाने ही योजना सोडून दिली. विज्ञानाच्या इतिहासात अशी यशस्वी अपयशे बरीच आहेत, आणि आमच्या मते ती पाठ्यपुस्तकात यायला हवीत.

जहाजावर फसलेली कल्पना छपरावर मात्र नेमकी बसली. फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने १८३७ मध्ये लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर जस्ताचा थर चढवण्याचे पेटंट घेतले. जस्तात लोखंड बुडवण्याची रीत मालुअँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७४२ मध्येच सांगितली होती, पण त्या वेळी विद्युतरसायनाचा पत्ताच नव्हता. सोरेलला थरामागचे कारण ठाऊक होते. म्हणूनच त्याने बेडकाच्या पायांवरच्या प्रयोगांमुळे गाजलेल्या गॅल्व्हानीच्या नावावरून या प्रक्रियेला नाव दिले. गॅल्व्हनाइज करताना विजेचा उपयोग मुळीच होत नाही. वीज कामाला येते ती नंतर, पत्र्याला ओरखडा पडल्यावर. लोखंडाचा प्रमाण विभव उणे ०.४४ व्होल्ट आणि जस्ताचा उणे ०.७६ व्होल्ट. ओरखड्यात पाणी साचले की तिथे एक चिमुकला घट तयार होतो, जस्त विरघळते आणि उघडे पडलेले लोखंड शाबूत राहते. रंगाचा थर नुसते झाकतो, जस्ताचा थर फाटला तरी राखण करतो.

यानंतर पन्हळी पत्रा जगभर गेला. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोने शोधायला गेलेल्यांसाठी लोखंडाची सुटी घरे जहाजांत भरून पाठवली गेली. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकासारख्या रेल्वे स्थानकांवर, गोद्यांवर, गिरण्यांच्या गोदामांवर तो चढला. आपल्याकडे त्याला जस्ती पत्रा किंवा नुसताच पत्रा म्हणतात.

पण कारखानदारांच्या लवकरच लक्षात आले, की एकच पत्रा खेड्यात टिकतो आणि शहरात टिकत नाही. का, ते मँचेस्टरमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून कळते. रॉबर्ट अँगस स्मिथ याने १८५२ मध्ये मँचेस्टरच्या हवेवर आणि पावसावर लेख प्रसिद्ध केला. कोळशाच्या धुरातल्या गंधकामुळे शहरातला पाऊस आम्लधर्मी होतो, असे त्याला आढळले होते. ‘आम्लवर्षा’ हा शब्दप्रयोग त्याच्या १८७२ च्या पुस्तकात आहे. आता जस्ताकडे पाहा. जस्त उघड्या हवेत राहिले की त्यावर आधी ऑक्साइड, मग पाण्यामुळे हायड्रॉक्साइड आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट तयार होते. हा कार्बोनेटचा करडा, घट्ट पापुद्राच खालच्या जस्ताला जपतो. पत्रा नवा असताना चकाकतो आणि वर्षभरात मंद होतो, ते त्याचे आजारपण नसून अंगावर आलेली साय आहे. आम्लाचा पाऊस नेमका हा पापुद्रा विरघळवतो, जस्त पुन्हा नवा पापुद्रा करते, तोही जातो. त्या शहरांत पाऊस छपराचा शत्रू होता, यात शंका नाही.

मग वळचणीचे काय? तिथे तर पाऊस पोचतच नाही.

त्याचा धागा १९२० च्या दशकात मिळाला. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन हा ब्रिटिश संशोधक हवेत धातू कसे गंजतात याचा अभ्यास करत होता. त्याने लोखंडाच्या सारख्याच तुकड्यांपैकी काही खोलीत उघडे टांगले आणि काहींभोवती मलमलीचा पिंजरा केला. मलमलीतून हवा जाते, बाष्प जाते, ऑक्सिजनही जातो. अडते फक्त धूळ. उघडे तुकडे गंजले, पिंजऱ्यातले जवळजवळ तसेच राहिले. इतका साधा आणि इतका बोलका प्रयोग क्वचितच सापडतो. पुढे त्यानेच दाखवले, की सल्फर डायऑक्साइड असलेल्या हवेत सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. गंजायला पावसाची गरजच नाही. दमट हवा आणि पृष्ठभागावर बसलेली धूळ किंवा क्षार एवढे पुरते.

समुद्रकाठी ही धूळ म्हणजे मीठ. लाटा फुटताना उडालेले सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर आत येतात आणि पत्र्यावर बसतात. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाझरू लागते. पावसाळ्यात मीठवाण्याच्या पोत्याला पाणी सुटते ते आपण पाहतो. वळचणीचा पत्रा तर भर हिवाळ्यातही असा पाझरत असतो, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. छपराच्या वरच्या बाजूचे मीठ पहिल्याच वळवाने धुऊन जाते. खालच्या बाजूचे मीठ कुणीच धूत नाही, तिथे ऊन पडत नाही आणि वर्षानुवर्षे भर पडत राहते. कोळशाच्या शहरात जो पाऊस शत्रू होता, तोच कोकणच्या किनाऱ्यावर छपराचा सफाई कामगार आहे. आणि तो वळचणीपर्यंत पोचत नाही.

किती जस्त असते पत्र्यावर? हा हिशेब नववी-दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावा. चांगल्या पत्र्यावर दर चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून, २७५ ग्रॅम जस्त असते. एका बाजूला १३७.५ ग्रॅम. जस्ताची घनता ७.१४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे १९.२६ घन सेंटिमीटर जस्त १०,००० चौरस सेंटिमीटरवर पसरलेले. जाडी निघते सुमारे १९ मायक्रॉन. डोक्याचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. स्वच्छ, कोरड्या गावात वर्षाला अर्धा मायक्रॉन जस्त गेले तर ते ३८ वर्षे पुरेल. किनाऱ्याजवळ वर्षाला ३ मायक्रॉन गेले तर सहा वर्षांत संपेल. बाजारात १२० ग्रॅमचा स्वस्त पत्राही मिळतो. त्यावरचा थर आठ-साडेआठ मायक्रॉनचा, तो अशा ठिकाणी तीन वर्षेही काढणार नाही. पत्रा घेताना आपण त्याची जाडी विचारतो, जस्त किती ग्रॅमचे आहे ते विचारत नाही. दुकानदारही आपण होऊन सांगत नाही!

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कंपनीने ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन अशा मिश्रधातूचा थर असलेला पत्रा बाजारात आणला. तो साध्या जस्ती पत्र्यापेक्षा बऱ्याच ठिकाणी पुष्कळ अधिक टिकतो. तरीही अशा पत्र्यांची हमीपत्रे बारकाईने वाचली तर त्यांत बहुधा एक अट सापडते: जिथे पावसाचे पाणी पोचत नाही ते भाग ठरावीक काळाने गोड्या पाण्याने धुतले पाहिजेत. डेव्हीपासून व्हर्ननपर्यंतचे सगळे रसायन त्या एका बारीक अक्षरातल्या वाक्यात आहे. ते वाचले जात नाही, आणि पत्रा सडला की कंपनीला दोष दिला जातो.

डेव्हीचा धडा उलटा लागू होतो अशीही एक जागा आहे. वरच्या मजल्यावर तांब्याची नळी असेल आणि तिच्यावरून ठिबकणारे पाणी पत्र्यावर पडत असेल, तर त्या पाण्यात आलेले तांब्याचे आयन जस्तावर बसतात आणि तिथे हजारो लहान घट सुरू होतात. वातानुकूलन यंत्राचे पाणी पत्र्यावर सोडलेल्या दुकानांवर असे पट्टे दिसतात. पन्हळीत साचलेला पालापाचोळा वेगळ्या रीतीने नुकसान करतो. तो पत्र्याला आठवडेच्या आठवडे ओला ठेवतो आणि हवा पोचू देत नाही, त्यामुळे रक्षक कार्बोनेट बनतच नाही. नवे पत्रे एकावर एक रचून पावसात ठेवले तर त्यांच्यामध्ये पांढरी भुकटी धरते, तेही याच कारणाने.

मुलांसाठी एक सोपा प्रयोग. जस्ती पत्र्याचे तळहाताएवढे तीन तुकडे घ्या. दोघांवर मिठाचे दाट पाणी शिंपडून वाळू द्या, तिसरा तसाच ठेवा. तिन्ही व्हरांड्यात, पाऊस लागणार नाही असे टांगा. मीठ लावलेल्यांपैकी एक तुकडा दर शनिवारी साध्या पाण्याने धुऊन पुसा आणि पुन्हा मीठ शिंपडा. दुसऱ्यावर फक्त मीठ शिंपडत राहा. तीन महिने नोंदी ठेवा. तुकड्यांच्या कापलेल्या कडांकडे विशेष लक्ष द्या. तिथे लोखंड उघडे असते, तरी सुरुवातीला ते गंजत नाही. का, ते मुलांनाच विचारा.

आपल्याकडे छपराची निगा म्हणजे पावसाळ्याआधीची शाकारणी. कौलांना आणि गवताला ते योग्यच होते, कारण त्यांची भीती पावसाची. किनाऱ्यावरच्या पत्र्याची भीती कोरड्या महिन्यांची आहे. म्हणून त्याची धुणी एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मार्चच्या सुमारास करावी. हे काम वर न चढताही होते, कारण मुख्य जागा खाली आहे. नळाला रबरी नळी लावून जमिनीवरूनच वळचणीच्या खालच्या अंगावर पाणी मारायचे. काजळी बसली असेल तर लांब दांड्याचा मऊ कुंचला आणि सौम्य साबण घ्यायचा. तारेचा ब्रश जस्त खरवडतो आणि फरशीसाठीचे आम्ल तर ते मिनिटात विरघळवते, म्हणून दोन्ही टाळावेत. छपरावर चढणे भागच असेल तर ते काम जाणत्या माणसाने दोर बांधून, फळीवरून आणि खिळ्यांच्या रांगेवर पाय देऊन करावे. गंजलेला पत्रा खालून कितपत उरला आहे ते वरून कळत नाही. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर तर पायच देऊ नये, तो काचेसारखा फुटतो आणि अशा पडण्यात माणसे दगावतात. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, त्यामुळे तो घासूही नये. शेवाळ कितीही आले असले तरी.