तेनेरीफमधील सार्वजनिक वनभोजनस्थळे

तेनेरीफ हे अटलांटिक महासागरातील स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील सर्वांत मोठे बेट होय. या बेटावरील डोंगराळ वनांत सार्वजनिक खर्चाने बांधलेल्या चुली, मेज-बाके व नळाचे पाणी असलेली अनेक वनभोजनस्थळे आहेत. स्पॅनिश भाषेत अशा स्थळास ‘आरेआ रेक्रेआतिवा’, म्हणजे विरंगुळ्याचे क्षेत्र, असे म्हणतात. त्यांची व्यवस्था ‘कबिल्दो’ ही बेटाची निर्वाचित परिषद पाहते. १९१२ च्या कायद्यान्वये कॅनरी बेटांना अशा परिषदा मिळाल्या. या स्थळांवर प्रवेशशुल्क नाही. रात्री तंबू ठोकून राहावयाचे असल्यास मात्र कबिल्दोची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. वणव्याचे भय जेथे सर्वाधिक, त्या रानातच शासनाने लोकांसाठी चुली बांधून द्याव्यात, हे वरकरणी विसंगत वाटते. त्यामागील विचार असा की, लोक रानात जाऊन अन्न शिजवणारच असतील, तर तो विस्तव ठरावीक जागी, भिंतींच्या आड आणि पाण्याच्या जवळ असावा.

वनाची पार्श्वभूमी

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २,०३४ चौ.किमी. असून त्याच्या मध्यभागी तेइदे हा ३,७१५ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. स्पेनमधील हे सर्वोच्च शिखर होय. शिखराभोवतीच्या उतारांवर कॅनरी पाइन या वृक्षाच्या वनांचा पट्टा पसरलेला असून बहुतेक प्रसिद्ध वनभोजनस्थळे याच पट्ट्यात आहेत. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे उत्तर उतारावर ढग आणून अडकवतात. पाइनच्या लांब सुयांवर धुक्याचे थेंब साठून खाली ठिबकतात आणि बेटाच्या भूजलात मोलाची भर पडते. वनाचे रक्षण हा त्यामुळे येथे पाण्याचाही प्रश्न आहे.

आज दिसणारे सर्व वन मूळचे नाही. १४९६ मध्ये कास्तीलच्या फौजांनी बेट जिंकल्यानंतर साखरेच्या भट्ट्या, जहाजांना लागणारे डांबर आणि घरबांधणी यांसाठी पाइनची बेसुमार तोड झाली. पुढे कोळसा पाडणाऱ्यांनीही रान विरळ केले. विसाव्या शतकात, विशेषतः १९४० च्या दशकापासून, मोठ्या प्रमाणावर पुनर्वनीकरण झाले. एस्पेरांसाच्या रानात सहलीला येणारी कुटुंबे ज्या सावलीत बसतात, तिचा बराचसा भाग या लागवडीचा आहे.

चुली आणि भोजन

येथील चुलीला ‘फोगोन’ म्हणतात. ती दगडी बांधकामाची व तीन बाजूंनी बंद असते, म्हणजे वाऱ्याने ठिणगी उडू नये. भाजण्याची जाळी, कोळसा आणि खाद्यपदार्थ लोक बहुधा घरून आणतात. रविवारी व सुटीच्या दिवशी जागा धरण्यासाठी घरातील एखादा माणूस सकाळीच पुढे येतो. नातेवाईक व मित्रमंडळींनी एकत्र जमून मांस भाजण्याच्या या कार्यक्रमास ‘आसादेरो’ असे नाव आहे. मांसाबरोबर मिठाच्या पाण्यात सालीसकट उकडून सुरकुतलेले बटाटे, ‘मोहो’ ही लसूण व मिरचीची चटणी आणि ‘गोफियो’ हे पदार्थ असतात. गोफियो म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ. आपल्याकडील सातूच्या पिठाशी त्याचे नाते सहज ओळखू येते. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या ग्वांचे या मूळ रहिवाशांचे ते मुख्य अन्न होते. चुलीवरील इतर पदार्थ काळानुसार बदलले, गोफियो मात्र टिकून आहे.

काही प्रमुख स्थळे

ओरोताव्हा खोऱ्याच्या वरच्या अंगाला आग्वामान्सा गावाजवळ ‘ला काल्देरा’ हे स्थळ सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. एका लहानशा विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखातच ते वसलेले आहे. येथून अनेक पायवाटा निघतात. दुपारनंतर ढग उतरले की भर उन्हाळ्यातही येथे अंगावर स्वेटर लागतो. पश्चिमेकडील ‘आरेनास नेग्रास’ या नावाचा अर्थ काळी वाळू असा आहे. बेटावरील शेवटचा उद्रेक १९०९ मध्ये ज्या चिन्येरो ज्वालामुखीचा झाला, तो याच भागात आहे. ‘चियो’ हेही पश्चिम उतारावरील परिचित स्थळ होय.

दक्षिणेस व्हिलाफ्लोर गावाच्या वरच्या बाजूचे ‘लास लाहास’ हे सुमारे २,००० मीटर उंचीवरील स्थळ पक्षिनिरीक्षकांत विशेष प्रसिद्ध आहे. केवळ पाइनच्या वनांत राहणारा निळा चॅफिंच हा दुर्मीळ पक्षी तेथील नळाच्या ठिबकत्या पाण्यासाठी आणि मेजांखालच्या खाद्यकणांसाठी माणसांच्या अगदी जवळ येतो.

एस्पेरांसाच्या रानातील ‘लास राइसेस’ या स्थळाला एक अप्रिय इतिहास आहे. १७ जून १९३६ रोजी कॅनरी बेटांचे तत्कालीन लष्करप्रमुख फ्रान्सिस्को फ्रँको यांनी आपल्या अधिकाऱ्यांसह येथे वनभोजन केले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने लष्करी उठाव झाला आणि स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. फ्रँकोंच्या राजवटीत या भोजनाच्या स्मरणार्थ येथे स्तंभही उभारण्यात आला होता.

वणव्यांचा प्रश्न

कॅनरी पाइन आगीला असामान्यपणे तोंड देतो. त्याची साल जाड असते आणि खोड पूर्ण काळे पडले तरी सालीखालच्या सुप्त कळ्यांतून काही महिन्यांत हिरवे फुटवे येतात. परंतु या गुणाचा आधार घेऊन आगीकडे दुर्लक्ष करणे घातक आहे. रानालगतची गावे, शेती आणि माणसे यांना असे फुटवे येत नाहीत. शेजारच्या ला गोमेरा बेटावर सप्टेंबर १९८४ मधील वणव्यात बेटाच्या दौऱ्यावर आलेल्या प्रांताच्या गव्हर्नरांसह वीस जणांचा मृत्यू झाला होता.

पूर्वी शेतकरी पाइनच्या गळलेल्या सुया गोठ्यात अंथरण्यासाठी आणि केळी भरताना वेष्टनासाठी गोळा करीत. गुरे कमी झाली, वेष्टने बदलली आणि सुयांचे थर रानातच साचू लागले. त्यात आफ्रिकेकडून सहारातील धूळ घेऊन येणारे ‘कालिमा’ नावाचे उष्ण व कोरडे वारे सुटले, तर समुद्रकिनाऱ्यापेक्षा डोंगरावरच उष्मा अधिक जाणवतो. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरहून अधिक, असा तीन तिसांचा योग जुळला की वणव्याचा धोका तीव्र मानतात.

जुलै २००७ मध्ये बेटाच्या उत्तर व पश्चिम भागात मोठा वणवा लागला. १५ ऑगस्ट २०२३ रोजी आराफो परिसरात सुरू झालेल्या वणव्याने १४,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्र व्यापले व १२,००० हून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. तो मुद्दाम लावला गेल्याचे प्रशासनाने जाहीर केले. वनभोजनाच्या चुलींशी त्याचा संबंध नव्हता. तरीही अशा प्रत्येक वणव्यानंतर रानात विस्तव असावाच का, हा वाद नव्याने उभा राहतो.

कॅनरी प्रादेशिक शासनाने वणव्याचा इशारा जाहीर केला की रानातील विस्तवावर बंदी येते. धोक्याच्या तीव्रतेनुसार कधी केवळ चुली बंद होतात, तर कधी संपूर्ण स्थळ, पायवाटा आणि तेथे जाणारे वनरस्तेही बंद करण्यात येतात. केवळ चुली बंद असतील त्या दिवशी मेज-बाके खुली असतात आणि लोक घरून तयार जेवण आणून तेथे बसतात.