साथ, बंदी आणि गांवाकडची वाट

टाळेबंदी हा शब्द मराठींत नवा नाहीं. गिरणीचा मालक दरवाजास कुलूप लावून मजुरांना बाहेर ठेवी, त्याला टाळेबंदी म्हणत. २५ मार्च २०२० पासून हाच शब्द सबंध देशास लागू झाला. या वेळीं माणसें आंत राहिलीं आणि गरिबाची रोजी तेवढी बाहेर राहिली.

महाराष्ट्र सरकारनें त्या महिन्यांत ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो १८९७ सालचा होय. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढील कांहीं महिन्यांत लाखों लोकांनीं शहर सोडलें व गिरण्या ओस पडूं लागल्या. कोंकणांतील व देशावरील अनेक कुटुंबें मुंबईहून येणाऱ्या पैशावर वाण्याचें देणें फेडीत. आतां पैशाऐवजीं माणूसच परत आला. देशावर तर त्याच सुमारास दुष्काळ होता. कायदा अवघ्या चार कलमांचा. माणसास अडविण्याचा अधिकार त्यांत भरपूर होता. अडविलेल्याचा बुडालेला रोज त्याला मिळालाच पाहिजे, असें त्यांत कोठेंही नव्हतें.

सव्वाशें वर्षांनीं तीच उणीव पुन्हा दिसली. बीडकडील ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रांत जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. २०२० सालीं असे एक लाखाहून अधिक मजूर कारखान्यांच्या आवारांत अडकून पडले. म्हातारीं माणसें मात्र गांवीं वाट पाहत राहिलीं. एप्रिलच्या मध्यास परतण्याची परवानगी मिळाली, तों कित्येक गांवांनीं वाटेवर कांटेरी फांद्या टाकल्या होत्या. परतलेल्यांनीं शाळेंत अगर रानांत दिवस काढले. आठवडे बाजार बंद पडल्यामुळें भाजी शेतांतच सडली आणि शेळी-कोंबडी विकून मीठमिरची आणणारीस गिऱ्हाईक उरलें नाहीं. ८ मे रोजीं जालन्याहून मध्यप्रदेशाकडे पायीं निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर निजले असतां मालगाडीखालीं मरण पावले.

एक फरक मात्र मोठा होता. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रांत रोजगार हमी उभी राहिली आणि २००५ सालीं तशाच हमीचा देशव्यापी कायदा झाला. २०२०-२१ सालीं ७ कोटींहून अधिक कुटुंबांनीं त्याखालीं काम केलें. शिधापत्रिकेवर मोफत धान्यही मिळालें. पण ज्याची शिधापत्रिका गांवीं आणि पोट परगांवीं, त्याच्यापर्यंत तें धान्य वेळेवर पोंचणें कठीण झालें.

साथीच्या दिवसांत माणसास थांबविणें पुष्कळदां अपरिहार्य असतें. परंतु खेड्यांतील गरीब हा चालण्यावर जगणारा माणूस आहे. हंगामामागें हिंडावें तेव्हां त्याची चूल पेटते. ‘थांबा’ असें त्यास सांगावयाचें, तर त्या हुकमाच्या आधीं शिधा आणि रोज त्याच्या दारीं पोंचला पाहिजे. १८९७ आणि २०२० या दोन्ही सालीं हुकूम आधीं पोंचला.