खाणगाळ आणि किनारी वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण

खनिज वेगळे केल्यावर उरणारा बारीक गाळ नदीवाटे किनाऱ्यावर पोहोचल्यास तेथील खारफुटी व वाळूतील वनस्पतींची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता घटू शकते. अशा प्रदूषणाचे ठळक उदाहरण ब्राझीलमध्ये आढळते.

पार्श्वभूमी
५ नोव्हेंबर २०१५ रोजी मिनास जेराइस राज्यातील मारियानाजवळ लोहखनिजाच्या गाळाचे फुंदाओ धरण फुटले. या दुर्घटनेत १९ जणांचा मृत्यू झाला. गाळ दोसे नदीतून ६०० किलोमीटरहून अधिक अंतर वाहत जाऊन त्याच महिन्यात अटलांटिक महासागरास मिळाला.

परिणाम
हरितद्रव्याच्या निर्मितीसाठी लोह आवश्यक असते; मात्र त्याचे प्रमाण अति झाल्यास पेशींमध्ये ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे वाढतात आणि हरितलवकांना इजा पोहोचते. पानांवर साचलेला गाळ प्रकाश अडवतो व पर्णरंध्रे बुजवतो. खारफुटीची श्वसनमुळे गाळाखाली गेल्यास मुळांना प्राणवायू अपुरा पडतो. परिणामी पर्णरंध्रे मिटतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ग्रहण मंदावते.

मापन
ही हानी पान पिवळे पडण्यापूर्वीही हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीवरून ओळखता येते. काही काळ अंधारात ठेवलेल्या निरोगी पानात प्रकाशरासायनिक कार्यक्षमतेचे कमाल मूल्य सुमारे ०.८३ असते. ते घटणे हे वनस्पतीवरील ताणाचे लक्षण मानले जाते. त्यामुळे हिरव्या दिसणाऱ्या किनारी वनस्पती निरोगी आहेत, असे केवळ पाहून ठरवता येत नाही.