नाकाची ॲलर्जी आणि दमा: एका जुन्या वाटणीचा इतिहास

जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरने 1819 मध्ये लंडनला स्वतःचेच दुखणे मांडले: दर उन्हाळ्यात शिंका, वाहते नाक आणि छातीत घुसमट. पुढे वैद्यकाने मात्र नाक एका तज्ज्ञाकडे, छाती दुसऱ्याकडे सोपवली. सोय तज्ज्ञांची झाली! 1950च्या दशकात पुण्यात लक्षात आलेल्या गाजरगवताने ही वाटणी पाळली नाही. त्याच्या परागकणांनी कुणाला सर्दी दिली, कुणाला दमा. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2000 साली दमा नसलेल्या, पण परागांनी नाक वाहणाऱ्या रुग्णांच्या केवळ फुप्फुसात ॲलर्जन सोडले. दाह नाकातही उमटला. पुढच्याच वर्षी ते फक्त नाकात सोडले, तेव्हा दाह श्वासनलिकेत दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अरिया' अहवालाने सांगितले: नाकाची ॲलर्जी टिकून राहिली, तर दम्याचीही तपासणी करा.