मेस, गोंधळ आणि कर्ता

आंबिवलीच्या फलाटावर कसाऱ्याहून येणारी लोकल रखडली की हल्ली एक वाक्य हमखास कानी पडते : ‘सगळा मेस झालाय.’ हा ‘मेस’ पुल्लिंगी आहे. त्याच्या आधी मराठीत रुळलेली ‘मेस’ स्त्रीलिंगी होय. ती विद्यार्थी लावतात, तिचा डबा येतो. एकच इंग्रजी शब्द दोन खेपांत आला व दोन लिंगे घेऊन बसला. मूळ भाषेतही त्याचा प्रवास ताटातूनच सुरू होतो. वाढलेला पदार्थ, एकत्र जेवणारी मंडळी, कालवलेले अन्न आणि अखेर, एकोणिसाव्या शतकात, अव्यवस्था.

मराठीतील ‘गोंधळ’ याहून विलक्षण आहे. तुळजापूरची भवानी वा माहूरची रेणुका ज्यांचे कुलदैवत, त्यांच्या घरी लग्नानंतर होणारा हा विधी. त्यात चौक मांडणे, दिवटी पाजळणे, देवतांना नावानिशी आवाहन करणे, आख्यान, आरती असा क्रम काटेकोर असतो. तरीही मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत विधीच्या अर्थाशेजारीच गडबडीचा अर्थ नोंदलेला आहे. रात्रभर संबळ ऐकणाऱ्या शेजाऱ्याने तो दिला असावा, असे मानण्याचा मोह होतो! पण क्रियापद मात्र विधीचेच राहिले : गोंधळ ‘घालतात’. म्हणजे कोणी घातला, हे विचारता येते.

‘भाऊगर्दी’चा संबंध पानिपतावरील (१७६१) सदाशिवरावभाऊंच्या सैन्याशी जोडला जातो; ‘मोगलाई’ तर राज्यकर्त्याचेच नाव घेते. अव्यवस्थेसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. सावरकरांच्या भाषाशुद्धीने ‘महापौर’ दिला. ‘मेस’साठी प्रतिशब्द घडविण्याची गरजच नव्हती. मग तो आला का? माझ्या मते, तो कर्त्याविषयी मौन पाळतो म्हणून. घरात मुलाला ‘मेस करून ठेवलास’ असे बजावणारा माणूस फलाटावर मात्र ‘मेस झालाय’ म्हणतो. अर्थात रेल्वेच्या उद्घोषणेतील ‘वाहतूक विस्कळीत झाली आहे’ हे शुद्ध मराठी वाक्यही त्याच मौनातले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोष इंग्रजीचा नव्हे.

स्थानकाजवळच्या मोहने येथील नॅशनल रेयॉनच्या कारखान्यात २००९ मध्ये टाळेबंदी झाली आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षे झगडत राहिले. ‘टाळेबंदी झाली’ यातही क्रियापद कर्ता सांगत नाही. तो नामात आहे. टाळे मालक लावतो, संप कामगार करतो. हा भेद महत्त्वाचा आहे. ‘कंपनीचा मेस झाला’ या वाक्यात दोन्ही बसतात.