'रत्नागिरी हापूस' लिहायचं कुणी?

आजचा भाग आंब्याचा आहे, पण खाण्याचा नाही. जाहिरातीचा आहे.

माझ्या आतेभावाची रत्नागिरीजवळ साठेक कलमं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाशीला माल धाडणं कठीण झालं, तेव्हा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पेटीचा फोटो टाकला, फेसबुकला थोडे पैसे भरून जाहिरात केली, आणि दलालाशिवाय त्याच्या पेट्या पहिल्यांदाच पुण्याला गेल्या. मजकूर काय, तर 'रत्नागिरी हापूस'. आजोबा पेटीवर ब्रशने हेच लिहायचे.

आता हे दोन शब्द लिहायला कायदा आडवा येतो. तसा नियम जुनाच. माल कुठला आहे हे खोटं सांगणं इंग्रजांच्या १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्यातही गुन्हा होता. पण तो बेतला होता विलायतेतल्या १८८७ च्या कायद्यावर, आंब्याच्या पेटीचा विचार त्यात कोण करणार! आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला १९९९ मध्ये, लागू झाला २००३ मध्ये, आणि हापूसला मानांकन मिळालं ऑक्टोबर २०१८ मध्ये. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे. कारण उघड होतं: कर्नाटकातला आंबा मुंबईत रत्नागिरीच्या नावाने खपत होता.

गोम अशी, की जिल्ह्याला मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक बागायतदाराला ते आपोआप मिळत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची, कागद जोडायचे. आतेभावाच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातली चार वारलेली. कोकणात हे घरोघरी आहे. कलमं त्याने राखली, फवारणी त्याची, पण कागद अकरा जणांचा.

त्यात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, मग जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली. छापील असो की मोबाईलवरची, नियम एकच. जाहिरात फसवी ठरली तर दंड दहा लाखांपर्यंत. 'कार्बाइडमुक्त' लिहिलंत तर ते सिद्ध करता आलं पाहिजे. हा गवताच्या आढीत आंबा पिकवतो, पण आढीची पावती कुठून आणायची? (परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर २०१६ पासून ६ टक्के कर होता, तो एप्रिल २०२५ पासून गेला. पण त्याला वर्षाला एक लाखाची मर्यादा होती, त्यामुळे ह्याला त्याची झळ कधी लागलीच नाही.)

मला विचाराल तर मानांकन हवंच होतं. पण मार्चमध्ये पेज उघडून जूनमध्ये गायब होणारा सापडणार कसा? सापडतो तो ज्याचं घर, बाग आणि फोन नंबर तीस वर्षं तोच आहे.

यंदा त्याने जाहिरात बदलली. 'आमच्या बागेतला आंबा', खाली फक्त गावाचं नाव. पहिलाच फोन पुण्याहून आला: "काका, रत्नागिरीचाच आहे ना पण?"